भुईआवळी व कावीळ : एका वनौषधीच्या परीक्षेचा इतिहास

१

भुईआवळी ही वनस्पती महाराष्ट्रात कोणास अपरिचित असेल असे वाटत नाही. पावसाळा लागला की शेताच्या बांधावर, परसात, रस्त्याच्या कडेस, फार काय शहरातील फरसबंदीच्या फटींतूनही ती आपोआप उगवते. वीतभर ते हातभर उंचीचे रोप, दोन्ही अंगांस बारीक पाने असलेल्या नाजुक डहाळ्या आणि त्या डहाळ्यांच्या खालच्या बाजूस ओळीने लोंबणारी, आकाराने आवळ्यासारखी परंतु मोहरीएवढी फळे, एवढ्या खुणांवरून ती खेड्यातील पोरही ओळखते. चवीस ती कडू असते. घरात कोणास कावीळ झाली म्हणजे ही वनस्पती मुळासकट उपटून, वाटून, दुधातून किंवा ताकातून देण्याची चाल जुनी आहे व ती अद्यापि मोडलेली नाही.

ह्याच क्षुद्र तणाकडे १९८० नंतरच्या दशकात साऱ्या वैद्यकीय जगाचे लक्ष लागले. १९८८ च्या ऑक्टोबरात 'लॅन्सेट' ह्या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात मद्रास व फिलाडेल्फिया येथील संशोधकांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. हेपॅटायटिस-बी ह्या विषाणूचे जे दीर्घकालीन वाहक होते, त्यांना तीस दिवस ह्या वनस्पतीचे चूर्ण दिले असता ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठप्रतिजन नाहीसा झाला, असे त्यात नमूद होते. ज्या रोगावर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते, त्याच्यावर परसातील एक रोप गुणकारी ठरते आहे, ही वार्ता कोणासही हर्षित करील अशीच होती. परंतु पुढील सहा वर्षांत थायलंड, हॉलंड, न्यूझीलंड आणि खुद्द मुंबई येथून जे निष्कर्ष आले ते सर्व प्रतिकूल होते.

ही हकीकत सांगण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ झाल्या आहेत. एका रीतीत पहिला निबंध तेवढा सांगतात व पुढचे निबंध गाळतात. दुसऱ्या रीतीत पुढचे निबंध सांगून सर्व देशी औषधविद्येस निकालात काढतात. दोन्हींत इतिहास अर्धाच राहतो. प्रस्तुत निबंधाचा हेतू हा की, ही परीक्षा कशी घडली व कोठे अडली हे क्रमाने पाहावे. ते पाहू जाता असे दिसून येते की, येथे वनस्पतीचे नाव, रोगाचे नाव आणि 'गुण आला' हा शब्द, ह्या तिन्हींच्या पोटात एकाहून अधिक वस्तू दडलेल्या होत्या. त्या वेगळ्या झाल्याखेरीज कोणतीही परीक्षा निर्णायक होणे शक्य नव्हते.

२

प्रथम वनस्पतीचे नाव घेऊ. आयुर्वेदाच्या ग्रंथांत भूम्यामलकी, भूधात्री, तामलकी अशी नावे येतात आणि ती एकाच वनस्पतीची मानण्याची परंपरा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात औषधांचे जे पन्नास वर्ग सांगितले आहेत, त्यांत तामलकी दोन ठिकाणी आढळते : कासहर वर्गात व श्वासहर वर्गात. च्यवनप्राशाच्या घटकांतही तिची गणना आहे. म्हणजे ह्या प्राचीन वर्गीकरणात तिचे स्थान खोकला व दमा ह्यांवरील औषधांत आहे. काविळीशी तिचे नाते मुख्यत्वे पुढील काळातील वैद्यांच्या अनुभवाने व लोकव्यवहाराने दृढ झालेले दिसते. एखादे औषध 'तीन हजार वर्षे काविळीवर सिद्ध' आहे असे विधान करण्यापूर्वी मूळ ग्रंथ उघडून पाहणे किती अगत्याचे आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

युरोपीय वनस्पतिशास्त्रात हिचा प्रवेश मलबारमार्गे झाला. डच अंमलदार व्हान रीड ह्याने कोचीन येथे तयार करविलेला 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ ह्या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या दहाव्या खंडात 'किरगानेली' ह्या नावाने हिचे वर्णन व चित्र आहे. पानाखालचा आवळा अशा अर्थाचे 'कीळानेल्ली' हे जे नाव तमिळ व मलयाळम् भाषांत चालते, त्याचेच हे डच कानांनी टिपलेले रूप होय. मराठी वाचकांस ह्या ग्रंथाविषयी जिव्हाळा वाटावा असे एक कारण आहे. इट्टी अच्युतन् ह्या मलबारी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी भाषिक ब्राह्मण वैद्य ह्या कामी व्हान रीडचे साहाय्यक होते. आणि त्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत व नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. वनस्पतीची ओळख तिच्या स्थानिक नावासह, चित्रासह व सांगणाऱ्याच्या साक्षीसह नोंदवावी, हा दंडक त्या ग्रंथाने पाळला होता. पुढे तो सैल झाला.

१७५३ साली लिनिअसने 'फायलॅन्थस निरुरी' हे नाव योजिले आणि ते भारतातील भुईआवळीस सर्रास लावले जाऊ लागले. हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' ह्या एकोणिसाव्या शतकातील प्रमाणग्रंथात तेच नाव आले व तेथून ते औषधिकोशांत उतरले. परंतु १९५५ च्या सुमारास ग्रेडी वेब्स्टर ह्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने ह्या प्रजातीचा कसून अभ्यास करून असे दाखविले की, खरी निरुरी ही अमेरिका खंडातील वनस्पती असून भारतातील रोपे तिच्याहून भिन्न आहेत. त्यांपैकी एका जातीस त्याने १९५५ साली 'फायलॅन्थस फ्रॅटर्नस' असे नाव दिले. दुसरी जात म्हणजे 'फायलॅन्थस अमारस'. अमारस ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ कडू असा आहे व हे नाव पश्चिम आफ्रिकेतील नमुन्यांवरून १८२७ मध्येच दिले गेले होते. मित्र व जैन ह्या भारतीय शास्त्रज्ञांनी 'भारतीय वनस्पति-सर्वेक्षण' संस्थेच्या १९८५ च्या पत्रिकेत हा गुंता उलगडला. भारतीय ग्रंथांतील 'निरुरी' म्हणजे वस्तुतः अमारस, फ्रॅटर्नस व डेबिलिस ह्या तीन जातींची सरमिसळ होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातच यूरिनारिया नावाची, तांबूस झाक असलेली आणखी एक जात भुईआवळी म्हणून बाजारात येते, ती निराळीच.

ह्या चर्चेस कोणी केवळ नामावळीचा वाद म्हणेल. परंतु प्रयोगाच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. ज्या रोपाचा अर्क १९८२ व १९८७ च्या निबंधांत 'निरुरी' म्हणून आला, तेच औषध १९८८ च्या निबंधात 'अमारस' म्हणून अवतरले. नाव सुधारले हे योग्यच झाले. परंतु त्यापूर्वीच्या वाङ्मयातील 'निरुरी' नेमकी कोणती, हे ज्या नमुन्याचे वाळविलेले रोप वनस्पतिसंग्रहात जपून ठेवलेले नाही, त्याच्या बाबतीत आज कोणासही सांगता येणार नाही.

३

आता रोगाचे नाव. कावीळ हा रोग नसून लक्षण आहे, हे तत्त्व आज वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. आपल्या प्राचीन वैद्यांनाही ते अगदीच अज्ञात नव्हते; चरकाने पांडुरोगाच्या प्रकरणात कामलेचे कोष्ठाश्रित व शाखाश्रित असे भेद करून त्यांची चिकित्सा निरनिराळी सांगितली आहे. परंतु काविळीच्या मुळाशी असणारे विषाणू वेगवेगळे करण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच झाले.

१९४७ साली मॅक्कॅलम ह्या ब्रिटिश संशोधकाने दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या काविळीस 'ए' व रक्तातून संक्रांत होणाऱ्या काविळीस 'बी' अशी अक्षरे दिली. ह्या दुसऱ्या प्रकाराचा पहिला धागा अनपेक्षितपणे सापडला. बरुक ब्लुम्बर्ग हा अमेरिकन शास्त्रज्ञ रक्तातील प्रथिनांचे आनुवंशिक भेद अभ्यासीत असता, ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यास एक अपरिचित प्रतिजन आढळला. १९६५ साली त्याने तो 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' म्हणून प्रसिद्ध केला. हा पदार्थ म्हणजेच हेपॅटायटिस-बी विषाणूचे बाह्य कवच आहे हे पुढे सिद्ध झाले, व १९७६ चे नोबेल पारितोषिक ब्लुम्बर्गला विभागून मिळाले. ह्या एका शोधामुळे रक्ताच्या थेंबावरून रोगी, वाहक व निरोगी ह्यांचा भेद करता येऊ लागला. भुईआवळीची परीक्षा ही सर्वस्वी ह्या कसोटीवर उभी आहे.

भारतातील परिस्थितीवर प्रकाश टाकणारे काम पुण्यास झाले. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेचे दूषित पाणी दिल्लीच्या जलवाहिन्यांत शिरून सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली होती. ही साथ 'ए' विषाणूची असे बरीच वर्षे मानले गेले. पुणे येथील राष्ट्रीय विषाणू संस्थेतील श्रीनिवासन व पावरी ह्यांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह भारतातील साथींतील रक्तनमुने तपासले, तेव्हा त्यांत ना 'ए' ची खूण मिळाली ना 'बी' ची. १९८० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यास आज आपण 'ई' विषाणू म्हणतो तो पुढे १९८३ मध्ये ओळखण्यात आला. कोल्हापूर शहरातील पाण्यावाटे पसरलेल्या काविळीच्या साथीचा पुण्याच्या संशोधकांनी केलेला अभ्यासही १९८४ साली प्रसिद्ध झालेला आहे.

ह्याचा भुईआवळीशी संबंध असा की, 'ए' व 'ई' ह्यांपासून होणारी कावीळ बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. प्रौढ वयात झालेल्या तीव्र 'बी' विकारातही शंभरांतील सुमारे पंचाण्णव रोगी औषधावाचून विषाणुमुक्त होतात. तेव्हा पावसाळ्यातील साथीत भुईआवळी घेणारा रोगी बरा झाला हे पाहणाऱ्याचे निरीक्षण खरेच असते. परंतु ती न घेणाराही बराच झाला असता, हे त्यास दिसत नाही. लोकानुभव खोटा नसतो, पण तो एकाच पारड्याचा असतो. दुसरे पारडे म्हणजे तुलनागट. मुंबईच्या डॉ. अंतरकर, डॉ. वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली आरोग्यवर्धिनी ह्या रसौषधाची तीव्र काविळीत जी द्विअंध परीक्षा प्रसिद्ध केली, तिचे महत्त्व ह्याच कारणासाठी आहे. औषध कोणास व छद्मौषध कोणास हे रोगी वा वैद्य ह्यांपैकी कोणासही ठाऊक नसताना आयुर्वेदीय कल्प तपासता येतो, हे तीत दिसून आले.

खरा कठीण प्रश्न दीर्घकालीन वाहकांचा आहे. जन्मतः मातेपासून ज्यांस 'बी' विषाणूचा संसर्ग होतो, अशा अर्भकांपैकी सुमारे नव्वद टक्के जन्मभर वाहक राहण्याचा संभव असतो. ह्यांना बहुधा कावीळ होतच नाही. ती माणसे वर्षानुवर्षे धडधाकट दिसतात आणि त्यांपैकी काहींस चाळिशी-पन्नाशीत यकृतकाठिण्य अथवा यकृताचा कर्करोग ग्रासतो. परंपरेने ज्या काविळीवर भुईआवळी दिली ती पिवळ्या डोळ्यांची, उघड दिसणारी कावीळ. १९८८ साली जिच्यावर तिची परीक्षा झाली ती निराळीच, डोळ्यांस न दिसणारी अवस्था. दोन्हींच्या दरम्यानचा दुवा केवळ एका नावाचा होता.

४

रसायनशास्त्राने ह्या वनस्पतीकडे फार पूर्वीच लक्ष दिले होते. वॉल्टेअर येथील आंध्र विद्यापीठात कृष्णमूर्ती व शेषाद्री ह्यांनी १९४६ साली तिच्यातून फायलॅन्थिन व हायपोफायलॅन्थिन ही द्रव्ये वेगळी केली. ही लिग्नॅन वर्गातील द्रव्ये होत. पुढे जेरॅनिइन, कोरिलाजिन आदी टॅनिन वर्गातील द्रव्येही तिच्यात आढळली. परंतु ती विषाणूवर चालते काय, हा प्रश्न मद्रासमध्ये विचारला गेला.

मद्रास विद्यापीठातील एस. पी. त्यागराजन व सहकाऱ्यांनी, काविळीवर वापरल्या जाणाऱ्या दोन वनस्पतींचे, म्हणजे माका व भुईआवळी ह्यांचे अर्क 'बी' विषाणूच्या पृष्ठप्रतिजनाशी परीक्षानलिकेत मिसळून पाहिले. प्रतिजन निष्क्रिय होतो असे त्यांस आढळले, व हा निबंध १९८२ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' मध्ये आला. ह्यानंतर फिलाडेल्फियास ब्लुम्बर्गच्या प्रयोगशाळेत वेंकटेश्वरन् व मिलमन ह्यांनी काम पुढे नेले. 'बी' विषाणूच्या डीएनए-पॉलिमरेज ह्या विकरास हा अर्क रोखतो असे त्यांना दिसले. मग त्यांनी वुडचक हा प्राणी घेतला. उत्तर अमेरिकेतील ह्या कृंतक प्राण्यास 'बी' सारखाच एक विषाणू जडतो. यास्तव मानवी रोगाची प्रतिकृती म्हणून तो सोयीचा होता.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या निबंधातील तपशील लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. नुकताच संसर्ग झालेल्या चार प्राण्यांस अर्क उदरपोकळीत टोचला असता तिघांच्या रक्तातून तीन ते सहा आठवड्यांत विषाणूच्या खुणा नाहीशा झाल्या. उपचार न केलेल्या तिघांत त्या राहिल्या. दीर्घकालीन वाहक असलेल्या सहा प्राण्यांपैकी पाचांस औषध दिले, त्यांत प्रतिजनाचे प्रमाण उतरले. तुलनेस एकच प्राणी होता. तिसऱ्या प्रयोगात वाहक प्राण्यांस अर्क त्वचेखाली बारा आठवडे टोचला, परंतु त्यास काहीच प्रतिसाद मिळाला नाही. म्हणजे उत्तम यश आले ते नव्या संसर्गात व उदरपोकळीतून दिलेल्या अर्काने. मनुष्यावर जो प्रयोग व्हावयाचा होता तो मात्र जुन्या वाहकांवर व तोंडाने दिलेल्या चूर्णाने. ही दरी लेखकांनी लपविली नव्हती. वाचकांनी मात्र ती उडी मारून ओलांडली.

१९८८ च्या परीक्षेत वाहकांना वाळविलेल्या भुईआवळीचे २०० मिलिग्रॅम चूर्ण दिवसातून तीनदा, तीस दिवस देण्यात आले. उपचार संपल्यावर पंधरा-वीस दिवसांनी रक्त तपासले, तेव्हा औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जण (५९ टक्के) प्रतिजनमुक्त आढळले. छद्मौषध घेतलेल्या २३ पैकी एकच (४ टक्के). काहींवर नऊ महिन्यांपर्यंत लक्ष ठेवले, त्यांत प्रतिजन परत आला नाही. विषारी परिणाम जवळजवळ दिसले नाहीत. आकडे लहान असले तरी तफावत इतकी मोठी होती की ती केवळ योगायोगाची म्हणून सोडून देता येण्यासारखी नव्हती. जगातील इतर शास्त्रज्ञांनी हा प्रयोग पुनः करून पाहावा, हेच त्याचे स्वाभाविक फलित होते. तसे झालेही.

५

१९९० मध्ये 'लॅन्सेट' मध्येच थायलंडच्या संशोधकांचे पत्र आले. लक्षणरहित वाहकांच्या रक्तातून पृष्ठप्रतिजन घालविण्यास ही वनस्पती असमर्थ ठरली, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. १९९१ मध्ये रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी पूर्वीच्या यशास पुष्टी मिळत नसल्याचे कळविले. १९९४ साली न्यूझीलंडमधून तोच निष्कर्ष आला. त्याच वर्षी मुंबईच्या दोशी, वैद्य, अंतरकर प्रभृतींनी दोन टप्प्यांत केलेली परीक्षा 'इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी' मध्ये प्रसिद्ध झाली. तीतही पृष्ठप्रतिजन नाहीसा करण्यात अपयश आल्याचे स्पष्ट नमूद आहे. ह्या शेवटच्या निबंधास विशेष वजन आहे. त्याचे लेखक देशी औषधांचे विरोधक नव्हते. आरोग्यवर्धिनी व कुटकी ह्यांसारख्या औषधांच्या शास्त्रीय परीक्षेत ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांच्याच लेखणीतून हा प्रतिकूल निर्णय उतरला.

१९९५ मध्ये चीनमधून आलेल्या एका अभ्यासाने प्रश्नास वेगळे वळण दिले. त्यात निरनिराळ्या प्रदेशांतून आणलेल्या फायलॅन्थसच्या तीन जाती दीर्घकालीन रोग्यांस देऊन त्यांची तुलना केली होती. अमारस व निरुरी ह्यांपेक्षा यूरिनारिया घेणाऱ्यांत विषाणूचा 'ई-प्रतिजन' नाहीसा होण्याचे प्रमाण अधिक आढळले. ह्याचा अर्थ असा की, जातींमधील भेद हा कागदावरचा नसून रोग्याच्या रक्तात उमटणारा असू शकतो. परंतु त्याच अभ्यासात तिन्हीपैकी कोणत्याही औषधाने एकाही रोग्याचा पृष्ठप्रतिजन गेला नाही.

२०११ साली कॉक्रेन संस्थेसाठी झालेल्या समालोचनात १६ परीक्षा व १,३२६ रोगी विचारात घेतले गेले. त्यांपैकी छद्मौषधाशी सरळ तुलना करणारी परीक्षा एकच होती व तीत लाभ दिसला नाही. उरलेल्या परीक्षांत फायलॅन्थस हे अन्य विषाणुरोधी औषधांच्या जोडीने दिलेले होते. ह्या जोडउपचारात काही लाभाची चिन्हे आढळली, परंतु त्या परीक्षांची रचना सदोष असल्यामुळे त्यांवरून शिफारस करता येत नाही, असा समालोचकांचा अभिप्राय पडला.

६

मग १९८८ च्या २२ रोग्यांचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. कोणी अप्रामाणिकपणाचा तर्क केला तर त्यास आधार नाही. जातिभेद, भूमिभेद, तोडणीचा ऋतु, रोग्यांची संसर्गावस्था, रक्तपरीक्षेची सूक्ष्मता, अशी अनेक कारणे संभवतात व त्यांपैकी एकच निवडण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही. परंतु दोन गोष्टी आजच्या ज्ञानाने निश्चितपणे सांगता येतात.

पहिली गोष्ट टॅनिनविषयी आहे. हिरड्याच्या वा बाभळीच्या सालीच्या पाण्यात कच्चे कातडे भिजत घातले म्हणजे ते कमावले जाते, कारण त्यांतील टॅनिन कातड्याच्या प्रथिनांस घट्ट बिलगते. विषाणूचा पृष्ठप्रतिजन हे प्रथिन आहे आणि पॉलिमरेज विकर हेही प्रथिनच. टॅनिनयुक्त अर्क त्यांच्याशी नलिकेत मिसळला तर दोन्ही निष्क्रिय होणे हे नवल नव्हे. तसे ते इतर शेकडो वनस्पतींच्या अर्कांनीही होऊ शकते. तोंडावाटे घेतलेले तेच टॅनिन अन्नातील व आतड्यातील प्रथिनांशी आधीच गुंतते आणि यकृतातील पेशीपर्यंत त्याच रूपात फारसे पोहोचत नाही. तेव्हा नलिकेतील निष्क्रियता ही शोधाची सुरुवात असते, गुणाचा पुरावा नव्हे. ह्याचा अर्थ वनस्पतीत दुसरे काही नाही असा मात्र नव्हे. त्यागराजन हे ज्याचे एक लेखक आहेत अशा १९९७ च्या निबंधात असे दाखविले आहे की, पेशींच्या संवर्धनात हा अर्क विषाणूच्या जनुकांचे वाचन घडविणाऱ्या पेशीय घटकांच्या कार्यात अडथळा आणतो. ही क्रिया अधिक सूक्ष्म आहे व तिचा पाठपुरावा होणे इष्ट होते.

दुसरी गोष्ट 'गुण आला' ह्या शब्दाविषयी आहे. पृष्ठप्रतिजन नाहीसा होणे हीच बरे होण्याची खूण १९८८ मध्ये मानली गेली. 'बी' विषाणू यकृतपेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचे एक बंदिस्त वर्तुळाकार रूप ठेवून देतो व तेथून नवी प्रजा निपजत राहते. पुढील काळात आलेली एंटेकाव्हिर व टेनोफोव्हिर ही प्रभावी औषधे रक्तातील विषाणूस दाबून टाकतात, यकृतकाठिण्याचा धोका कमी करतात, परंतु ते वर्तुळ ती उखडू शकत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षे उपचार करूनही पृष्ठप्रतिजन क्वचितच जातो. आपण होऊन तो जाण्याचे प्रमाणही वर्षास शेकडा एकाच्या आसपास आहे. जे कार्य आजची उत्तम औषधे वर्षांत करू शकत नाहीत ते महिन्याभरात झाले, ह्या निष्कर्षास आज कोणताही संपादक अधिक कठोर पुरावा मागेल. उलट, ह्याच कसोटीने पाहिले तर भुईआवळीवर थोडा अन्यायही झाला. विषाणू थोडाबहुत दाबला जातो काय, यकृताचा दाह घटतो काय, ह्या लहान परंतु उपयुक्त प्रश्नांचा कसून शोध घेण्याऐवजी सर्वांनी त्या एका भव्य फलाचाच पाठलाग केला, आणि ते न मिळताच बहुतेकांनी वनस्पतीकडे पाठ फिरविली.

७

वनस्पतींपासून विषाणुरोगांवर औषधे मिळतच नाहीत असे नाही. चक्रफुलातील शिकिमिक आम्लापासून १९९९ पासून वापरात असलेले ओसेल्टामिव्हिर हे इन्फ्लुएन्झावरील औषध बनविता येते. परंतु शिकिमिक आम्ल हा कच्चा माल आहे. ते स्वतः विषाणूस रोखीत नाही, म्हणून चक्रफुलाचा काढा हे त्या औषधाचे काम करणार नाही. पोडोफायलमच्या राळेतील पोडोफायलोटॉक्सिन विषाणुजन्य चामखिळीवर लावतात, परंतु ते विषाणूवर नव्हे तर पेशीच्या विभाजनावर आघात करते. दोन्ही ठिकाणी द्रव्य निश्चित, क्रिया ज्ञात व उपयोग मर्यादित आहे. भुईआवळीच्या बाबतीत ह्या तिहींपैकी एकही गोष्ट ठरण्यापूर्वीच तिची कीर्ती पसरली.

हा केवळ ग्रंथालयातील विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात हेपॅटायटिस-बी चे २५ कोटी ४० लाख दीर्घकालीन रुग्ण होते व त्यांपैकी सुमारे २ कोटी ९८ लाख भारतात होते. त्यांपैकी बहुसंख्यांस आपल्या स्थितीची कल्पनाच नसते. ज्यांस ती कळते, त्यांतील कित्येक भुईआवळीचे चूर्ण घेत निश्चिंत राहतात, आणि मधल्या काळात यकृत हळूहळू कठीण होत जाते. ज्या अर्भकास जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस टोचली तर हा सारा प्रसंगच टळावा, त्याच्या घरीही 'आमच्याकडे काविळीचे औषध आहे' हा भरवसा लसीच्या आड येऊ नये. ही लस २०११ पासून देशभरच्या सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट आहे, आणि तिचे मूळ ब्लुम्बर्गच्याच शोधात आहे. ज्या संशोधकाने लसीचा मार्ग खुला केला तोच भुईआवळीसही मोकळ्या मनाने सामोरा गेला. पहिल्याने यश दिले, दुसरीने दिले नाही. परंतु दोन्हींस त्याने लावलेली कसोटी एकच होती.

आपल्या विद्यापीठांतून दरवर्षी वनौषधींच्या विषाणुरोधी गुणांवर अनेक प्रबंध सादर होतात. त्यांतील पुष्कळांची मांडणी आजही १९८२ च्या पायरीवरच थांबते : बाजारातून आणलेले चूर्ण, त्याचा अर्क, नलिकेतील परिणाम आणि शेवटी उज्ज्वल भवितव्याचे एक वाक्य. भुईआवळीचा इतिहास ज्याने वाचला आहे तो प्रथम रोपाचा नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवील, टॅनिन काढून टाकल्यावर परिणाम उरतो काय ते पाहील, आणि परंपरेने ज्या अवस्थेत औषध दिले तीच अवस्था आपण तपासीत आहोत काय, हे स्वतःस विचारील. मद्रासच्या संशोधकांनी परसातील तणास जगाच्या न्यायासनापुढे उभे केले, हे त्यांचे धैर्य होते. मुंबईच्या संशोधकांनी आपल्याच परंपरेतील औषधाविरुद्ध साक्ष नोंदविली, हेही धैर्यच होते. ह्या विद्येचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ह्या दोहोंपैकी एकाचा वारसा घेऊन चालणार नाही. त्यास दोन्ही घ्यावे लागतील.